लॅग, गाभारा, कोलकाता: ‘ब्लॅक होल’ या नावाची साखळी

इअरफोन घरी राहिलेत किंवा ऑफिसात गुपचूप वाचायचंय, अशांसाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोललो तेच आहे, फक्त माझे ‘अं... अं...’ काढून टाकलेत.

रात्री मॅच लागायला वेळ लागतो. लॉबीत चौघं नुसते बसून असतात. तेव्हा आम्ही भेंड्या खेळतो, पण गाण्याच्या नाही, शब्दांच्या. एकाने शब्द टाकायचा, पुढच्याने तीन सेकंदांत डोक्यात पहिला येईल तो शब्द बोलायचा. नियम एकच: कुणी विचारलं तर दोन शब्दांतली जोड सांगता आली पाहिजे. नाही आली तर भेंडी चढली.

त्या रात्री साखळी अशी गेली: लॅग, रबरबँड, वेणी, गजरा, देऊळ, गाभारा, काळोख, ब्लॅक होल. आणि त्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, ‘कोलकाता’.

झालं, भांडण सुरू. त्याचं म्हणणं, अरे ब्लॅक होल ऑफ कॅलकटा, इंग्लिश मीडियमवाल्यांनी इतिहासात वाचलेलं असतं. बाकीच्यांचं म्हणणं, ती तुरुंगाची खोली आणि हा अंतराळातला तारा, नुसतं नाव सारखं असून काय उपयोग? असं चाललं तर ‘पुणे’वर ‘जुने’ पण चालेल. तेवढ्यात मॅच लागली आणि विषय राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही, म्हणून मी शोधत बसलो. आणि निघालं असं की नाव योगायोगाने सारखं नाहीये. ताऱ्याला ते नाव मिळालं तेच मुळी कोठडीवरून, याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. म्हणजे भौतिकशास्त्रातला सगळ्यात गाजलेला शब्द हा कुणाच्या तरी अशाच भेंडीतून आला. आजचा भाग त्या भेंडीबद्दल.

आधी कोठडी बघू.

साल १७५६, जून महिना. बंगालचा तरुण नवाब सिराज-उद-दौला कलकत्त्यावर चालून आला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला न विचारता फोर्ट विल्यमची तटबंदी वाढवायला घेतली होती, हे भांडणाचं एक मोठं कारण. किल्ल्यातले बरेच इंग्रज, खुद्द गव्हर्नरसकट, जहाजांवर बसून निसटले. मागे राहिलेल्यांचं नेतृत्व जॉन झेफनाया हॉलवेल नावाच्या अधिकाऱ्याकडे आलं. २० जूनला किल्ला पडला आणि त्या रात्री कैद्यांना किल्ल्यातल्याच एका छोट्या खोलीत कोंडलं गेलं. ही खोली इंग्रजांचीच होती बरं का. बेशिस्त किंवा दारुड्या शिपायाला रात्रभर डांबायची खोली, तिला त्यांच्या लष्करात सरसकट ‘ब्लॅक होल’ म्हणत. नवाबाने काही खास छळकोठडी बांधली नव्हती.

हॉलवेलने नंतर लिहिलं की १४६ जण कोंडले आणि सकाळी २३ जिवंत निघाले. खोली साधारण १८ फूट बाय १५ फूट, दोन लहान खिडक्या, त्यांना गज. ही गोष्ट इंग्लंडमध्ये छापून आली आणि पुढची दोनशे वर्षं शाळेच्या पुस्तकांतून फिरली. ‘हे लोक कसे आहेत बघा’ याचा तयार दाखला. १७५७ ची प्लासी आणि त्यानंतरचं सगळं राज्य, याच्यामागे जणू नैतिक कारण म्हणून ही एक रात्र उभी केली गेली.

आता १४६ हा आकडा. मी आपला हिशोब केला: सुमारे २७० चौरस फूट, म्हणजे माणशी दोन चौरस फुटांपेक्षाही कमी. अशक्य वाटतं ना? पण संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये उभं राहिलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल एवढी दाटी रोजचीच. त्यामुळे नुसत्या क्षेत्रफळावरून मी तरी निकाल देणार नाही. इतिहासकारांचा संशय दुसऱ्या जागी आहे. एक तर जवळजवळ सगळी वर्णनं फिरून हॉलवेलपाशीच येतात. आणि लढाईत मेलेले, पळालेले वजा केले तर कोंडायला १४६ जण उरले होते का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. एच. लिटल यांनी या कहाणीवर उघड शंका घेतली. १९५९ मध्ये ब्रिजेन गुप्ता यांनी सगळी कागदपत्रं ताडून अंदाज मांडला की साधारण ६४ जण कोंडले गेले असावेत आणि त्यातले २१ वाचले. म्हणजे घटना घडली, माणसं गुदमरून मेली, हे खरं. पण आकडा फुगवलेला.

कलकत्त्यात या घटनेचं स्मारक होतं. पहिलं हॉलवेलने स्वतः उभारलेलं, ते पुढे गेलं. मग लॉर्ड कर्झनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवं, संगमरवरी बांधून घेतलं. १९४० मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी ते हटवा म्हणून आंदोलन पुकारलं. मोर्चाच्या आदल्या दिवशी, २ जुलैला, त्यांना अटक झाली. स्मारक मात्र भर चौकातून हललंच. आज ते सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे. स्वातंत्र्यलढ्यातलं नेताजींचं देशातलं हे शेवटचं मोठं आंदोलन, आणि त्याचा विषय ब्लॅक होल! हे मला माहितीच नव्हतं.

तर इंग्रजी बोलणाऱ्या जगात ‘ब्लॅक होल ऑफ कॅलकटा’ हा वाक्प्रचार होऊन बसला. कोंदट, अंधारी, जिथून बाहेर निघता येत नाही अशी जागा.

आता त्या बाजूला हे नाव पडून राहू दे. दुसऱ्या बाजूला एक वस्तू आहे आणि तिला नावच नाही. तिची गोष्ट.

१७८३. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका खेड्यातला पाद्री, जॉन मिशेल. या माणसाने न्यूटनच्या नियमांवरून साधा हिशोब केला. दगड वर फेकला तर खाली येतो. पुरेशा वेगाने फेकला तर परत येत नाही. मग एखादा तारा इतका मोठा असेल की त्याच्यावरून निसटायला प्रकाशाचा वेगही कमी पडेल तर? त्याने उत्तर काढलं: सूर्याइतक्याच घनतेचा, पण व्यास सूर्याच्या ५०० पट असलेला तारा. तो आपल्याला दिसणारच नाही. आणि मग या पाद्रीबुवांनी जे सुचवलं ते मला जास्त आवडलं. तो दिसला नाही तरी त्याच्याभोवती दुसरा उजळ तारा फिरत असेल, तर त्याच्या फिरण्यावरून आपल्याला पत्ता लागेल. हे वाक्य लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये लाप्लासनेही १७९६ मध्ये असंच काहीसं लिहिलं, आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांतून काढूनही टाकलं. विषय संपला. शंभरेक वर्षं कुणी फिरकलं नाही.

मग १९१५. आइन्स्टाइनने सामान्य सापेक्षतेची समीकरणं मांडली आणि महिनाभरात कार्ल श्वार्झशिल्ट नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने, महायुद्धात रशियन आघाडीवर असताना, त्यांचं पहिलं नेमकं उत्तर काढून आइन्स्टाइनला पत्राने पाठवलं. पुढच्या मे महिन्यात तो त्वचेच्या आजाराने वारला. त्याच्या उत्तरात एक विचित्र अंतर येतं. सूर्य सगळाच्या सगळा दाबून ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवला, किंवा पृथ्वी दाबून गोटीएवढी केली, तर त्या हद्दीवर समीकरणं वेडीवाकडी वागतात. बहुतेकांनी म्हटलं, गणिताचा खेळ आहे, निसर्गात कोण असं दाबतंय?

दाबणारा सापडला तो मुंबईहून निघालेल्या बोटीवर. ३१ जुलै १९३०, एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर केंब्रिजला जायला निघाले. प्रवासात वेळच वेळ, नेटवर्क नाही, रील्स नाहीत. त्यांनी हिशोब केला की मेलेला तारा स्वतःच्या वजनाखाली किती तग धरेल. उत्तर आलं: एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण १.४ पट. त्याहून जड असेल तर? तर तो ढासळत जाणार, थांबणार कुठे ते माहीत नाही. ११ जानेवारी १९३५ ला लंडनमध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी हे मांडलं, आणि त्यांच्यानंतर लगेच उठून आर्थर एडिंग्टनने भर सभेत त्याची टर उडवली. हा तोच एडिंग्टन, ज्याने १९१९ च्या ग्रहणात आइन्स्टाइनला खरं ठरवलं होतं. त्याला ढासळणं कळलं नव्हतं असं नाही. उलट पार शेवटपर्यंत कळलं होतं, आणि म्हणूनच ते त्याला हास्यास्पद वाटलं. चंद्रशेखर यांनी काही वर्षांत तो विषय सोडून दुसरीकडे मोर्चा वळवला.

पुढचं पटापट सांगतो. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या बी. दत्त यांनी धुळीचा गोळा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाखाली कसा कोसळेल याचं गणित एका जर्मन नियतकालिकात छापलं. १९३९ मध्ये अमेरिकेत ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी तेच गणित ताऱ्याच्या मरणाला लावलं. हो, तेच सिनेमातले ओपेनहायमर. त्यांचा लेख छापून आला १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे हिटलर पोलंडमध्ये घुसला त्या दिवशी. कोण वाचणार? त्याच वर्षी खुद्द आइन्स्टाइनने लेख लिहिला की असल्या वस्तू प्रत्यक्षात होऊ शकत नाहीत.

दत्त यांचं नाव आज अभ्यासक या कोसळण्याच्या मॉडेलला जोडतात, पण आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय? मी तर हा भाग करेपर्यंत ऐकलं नव्हतं. आणि बघा, ज्या शहराच्या नावाने ही वस्तू पुढे ओळखली जाणार होती, त्याच शहरात बसून तिचं गणित कुणीतरी आधीच केलं होतं. पुढे १९५५ मध्ये कलकत्त्याच्याच अमल कुमार रायचौधुरी यांनी एक समीकरण दिलं. पदार्थ आणि प्रकाशाचे मार्ग गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकांकडे कसे ओढले जातात, ते सांगणारं. रॉजर पेनरोझ आणि स्टीफन हॉकिंग यांच्या साठच्या दशकातल्या सिद्धान्तांच्या पायात हेच समीकरण आहे. पेनरोझना त्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं. तर कोलकाता म्हणणाऱ्या आमच्या गड्याकडे खरं म्हणजे एक सोडून तीन जोडण्या होत्या.

आता आपण नावावर येतोय, पण त्याआधी लॅगबद्दल बोलायलाच हवं.

समजा तुम्ही आणि मी एकाच मॅचमध्ये आहोत आणि तुमचं नेट गंडलं. तुमच्या फोनवर तुम्ही मस्त पळताय, गोळ्या झाडताय. माझ्या स्क्रीनवर तुमचा खेळाडू एका पावलावर गोठलेला. दोघांचंही आपापल्या जागी खरं. कोसळणाऱ्या ताऱ्याचं नेमकं असंच होतं, फक्त इथे दोष नेटवर्कचा नसून काळाचाच आहे. लांबून बघणाऱ्याला ताऱ्याचा पृष्ठभाग त्या श्वार्झशिल्टच्या हद्दीजवळ येताना हळू हळू होत जाताना दिसतो आणि हद्दीवर जणू थांबतो. हद्द ओलांडताना कधीच दिसत नाही. पण त्या पृष्ठभागावर बसलेल्या माणसाला विचाराल, तर तो म्हणेल मी केव्हाच आत गेलो, काही वेगळं जाणवलंसुद्धा नाही.

म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांत या वस्तूला दोन नावं होती. सोव्हिएत शास्त्रज्ञ, म्हणजे झेल्डोविच आणि त्यांची मंडळी, म्हणायचे ‘गोठलेला तारा’. ते बाहेरून बघत होते. पाश्चात्त्य लोक म्हणायचे ‘कोसळलेला तारा’. त्यांची नजर आत होती. वस्तू एकच, गणित एकच. पण चित्र वेगळं, त्यामुळे पडणारे प्रश्न वेगळे. जी वस्तू गोठलीये तिला तुम्ही विचाराल का, की बाई तू हलतेस का, थरथरतेस का? नाही विचारणार. नाव ठेवताना आपण फक्त लेबल लावतोय असं वाटतं, पण कोडमध्ये ज्याने व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलंय त्याच्या नंतर ते काम हातात घेऊन बघा. नावामुळे तुम्ही तिथे बघतच नाही. १९५८ मध्ये डेव्हिड फिंकेलस्टाइनने दाखवलं की ती हद्द म्हणजे एकेरी वाहतुकीचा पडदा आहे, आत जाता येतं, बाहेर नाही. दोन्ही चित्रं एकत्र बसायला लागली. आता दोन्हींना चालेल असं एक नाव हवं होतं.

आणि इथे भेंडी खेळली गेली.

प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९६०-६१ च्या सुमारास एका व्याख्यानात ते या कोसळलेल्या ताऱ्यांबद्दल बोलत होते आणि गमतीने म्हणाले, हे म्हणजे कलकत्त्याचं ब्लॅक होलच. आत गेला तो बाहेर येत नाही. ही आठवण सांगितली आहे तेव्हा श्रोत्यांत असलेल्या हाँग-यी चिउ यांनी. हे चिउ म्हणजे ज्यांनी ‘क्वासार’ हा शब्द बनवला ते, म्हणजे नावांच्या बाबतीत कान तयार असलेला माणूस. मार्शिया बार्टुसिअक या विज्ञानलेखिकेने याचा माग काढला, तेव्हा डिकींच्या घरातूनही दुजोरा मिळाला: घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की डिकी ओरडायचे, ‘ब्लॅक होल ऑफ कॅलकटा!’ आपल्याकडे चार्जर हरवला की आई जे म्हणते त्याचंच हे प्रिन्स्टन व्हर्जन.

जानेवारी १९६४ मध्ये हा शब्द पहिल्यांदा छापून आला, तोही शोधनिबंधात नाही तर पत्रकारांच्या लिखाणात. ‘लाइफ’ साप्ताहिकात आणि ‘सायन्स न्यूज लेटर’मध्ये अ‍ॅन युइंग यांच्या बातमीत. ती बातमी क्लीव्हलंडमधल्या ज्या सत्राची होती, ते सत्र आयोजित केलं होतं याच चिउ यांनी. तोपर्यंत मागचं ‘कलकत्ता’ गळून पडलं होतं.

मग जॉन व्हीलर. तेही प्रिन्स्टनचेच. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: १९६७ च्या शरदात न्यूयॉर्कमध्ये एका भाषणात ते पुन्हा पुन्हा ‘गुरुत्वाकर्षणाने पूर्णपणे कोसळलेली वस्तू’ असं लांबलचक म्हणत होते. दहा वेळा म्हटल्यावर श्रोत्यांतून कुणीतरी म्हणालं, ब्लॅक होल का नाही म्हणत? तो आवाज कुणाचा ते आजवर कळलेलं नाही. व्हीलरना शब्द पटला. त्यांनी वर्षाअखेरच्या भाषणात तो वापरला, १९६८ मध्ये तो छापून आला आणि वर्षा-दोन वर्षांत सगळ्यांनी उचलला. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी व्हीलरनी नाव दिलं असं लिहिलेलं दिसतं. माझ्या मते व्हीलर म्हणजे या शब्दाचे इन्फ्लुएन्सर. मूळ पोस्ट दुसऱ्याची, व्हायरल यांनी केली.

सगळ्यांनी म्हणजे अगदी सगळ्यांनी लगेच नाही. फ्रेंच लोकांनी काही काळ नाक मुरडलं, कारण त्यांच्या भाषेत त्याचं शब्दशः रूप जरा अश्लील वाटतं. आणि व्हीलरनी वर ‘ब्लॅक होलला केस नसतात’ हे वाक्य प्रचारात आणलं. अर्थ असा की वस्तुमान, फिरकी आणि विद्युतभार सोडून त्याची काही ओळख बाहेर दिसत नाही. त्याचे जे व्हायचे ते विनोद झालेच. हा पॉडकास्ट घरी स्पीकरवर ऐकला जातो, म्हणून मी पुढे जातो.

नावाने काय केलं ते बघा. १९७० मध्ये बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनी विचारलं: ब्लॅक होलवर गुरुत्वीय लहर आदळवली तर काय होईल? त्यांनी कॉम्प्युटरवर गणित केलं आणि उत्तर आलं की ते घंटेसारखं वाजतं. ठरावीक सुरात थरथरतं आणि झटकन शांत होतं. गोठलेल्या ताऱ्याला कुणी ठोकून बघितलं नसतं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, सिग्नस एक्स-१ नावाच्या क्ष-किरण स्रोताजवळ एक निळा तारा कशाभोवती तरी फिरताना सापडला. जोडीदार दिसत नाही, पण जड आहे. पाद्री मिशेलने १७८३ मध्ये सांगितलेली युक्ती, जशीच्या तशी. आणि १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोच्या दोन यंत्रांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन ब्लॅक होलची टक्कर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन, एकत्र होऊन ६२ पटीचं एक. उरलेल्या तीन सूर्यांएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींतून गेली. सगळा सिग्नल सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्याच्या शेवटी विश्वेश्वरांची घंटा होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी जाहीर झाली तेव्हा ते हयात होते. पुढच्या जानेवारीत गेले.

अशी तिसरी-चौथी यंत्रं जगात हवीत, म्हणजे आवाज कुठून आला ते नेमकं सांगता येईल. त्यातलं एक आपल्याकडे होतंय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. औंढ्याला गेला असाल तर माहीत असेल, तिथला गाभारा जमिनीखाली आहे, वाकून अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात.

पण या नावाने घोळही घातला. ‘होल’ म्हटलं की आपल्याला नाली दिसते, सगळं खेचून घेणारी. गेम्सनी त्यात भर घातली. डोटा २ मध्ये एनिग्माचं ब्लॅक होल लागलं की आजूबाजूचे सगळे ओढले जातात, सुटका नाही. खऱ्यात तसं नाही. आत्ता सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल ठेवलं तर पृथ्वी आहे तशीच फिरत राहील. थंडीने मरू, पण खेचले जाणार नाही. लांब राहिलात तर ते बाकीच्या ताऱ्यांसारखंच सभ्य आहे. गंमत म्हणजे गेमिंगच्या अगदी पहिल्या काळात हे जास्त बरोबर होतं. १९६२ मध्ये एमआयटीत पीडीपी-१ कॉम्प्युटरवर स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी ‘स्पेसवॉर’ केला. त्यात डॅन एडवर्ड्सने पडद्याच्या मधोमध जड तारा बसवला. हुशार खेळाडू त्याच्याभोवती गोल फिरून वेग घेत, कच्चे खेळाडू त्यात पडून मरत. म्हणजे ब्लॅक होल हा शब्द छापून येण्याआधीच दोन पोरं गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्याभोवती एकमेकांवर गोळ्या झाडत होती. गोळ्यांवर मात्र गुरुत्वाकर्षण चालायचं नाही, तेवढी कॉम्प्युटरची ताकद नव्हती. ऑप्टिमायझेशन म्हणजे शेवटी काय सोडून द्यायचं ते ठरवणं, हे आमच्या धंद्यात साठ वर्षांपासून चालू आहे.

आता राहिला आमच्या लॉबीतला प्रश्न. आम्हा बाकीच्या तिघांना ती जोड का दिसली नाही?

कारण आपल्या भाषेत ती जोड तुटलेली आहे. कलकत्त्याच्या घटनेला मराठी इतिहासाच्या पुस्तकांनी ‘अंधारकोठडी’ म्हटलं. ताऱ्याला म्हटलं ‘कृष्णविवर’. बंगालीतही तसंच, घटना ती ‘अंधकूप’ आणि तारा तो ‘कृष्णगह्वर’. ज्या शहरावरून नाव आलं त्याच शहराच्या भाषेत त्या नावाला शहराचा वासही येत नाही. इंग्रजी शब्दाला कंपनी सरकारची जी धूळ चिकटलीये, ती मराठीत येता येताच झटकली गेली. मला हे बरं वाटतं. आणि वर नवी जोडणी मिळाली ती वेगळीच. ‘विवर’ म्हणजे बीळ, गुहा, लोणारचं विवर. ‘कृष्ण’ म्हणजे काळा, कृष्णपक्षातला. पण जुन्या टीकाकारांनी कृष्ण या नावाची फोड ‘आकर्षून घेणारा’ अशीही केलेली आहे, आणि गुरुत्वाकर्षणातलं ‘कर्षण’ त्याच कृष् धातूतलं. भाषाशास्त्रवाले ही फोड ग्राह्य धरोत न धरोत, आमच्या भेंडीच्या नियमात ती शंभर टक्के बसते.

हा शब्द मराठीत सर्वसामान्य वाचकापर्यंत नेण्यात एका गोष्टीचा मोठा वाटा आहे, म्हणजे कथेचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजला फ्रेड हॉयलबरोबर काम करून आलेले, तेव्हा मुंबईत टीआयएफआरमध्ये प्राध्यापक आणि देशभर नाव झालेले. आपलं नाव बघून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली: ज. वि. ना. चं ना. वि. ज. तीच त्यांची पहिली विज्ञानकथा.

पुढे त्यांनी पुण्यात आयुका उभी केली, शेकड्यांनी पोरांना आकाशाच्या नादी लावलं. मे २०२५ मध्ये ते गेले. शब्द बाहेरून आला, पण तो आपल्या वाचकाला घरचा वाटावा म्हणून इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने टोपणनावाने स्पर्धेत उतरावं, हे मला भारी वाटतं. जोड कुणी विचारली असती तर त्यांना सांगता आली असती, अगदी समीकरणासकट.

कथा मिळाली तर वाचा, एका लोकलच्या प्रवासात होते. आणि कमेंटमध्ये तुमची साखळी टाका, ‘कृष्णविवर’पासून सुरू करून. तीन सेकंद. भेटू पुढच्या भागात.